स्टेअरिंगची थरथर

आमच्या फाटकाच्या आत दोन गाड्या उभ्या असतात. एक उघडी, दोन सीटांची, माझ्यापेक्षा वयानं थोडी मोठी. दुसरी गेल्या दिवाळीत आलेली, कूपे म्हणतात तसली, दोनच दारं आणि मागं उतरत गेलेलं छप्पर. कोल्हापूरच्या उद्यमनगरात, आमच्याकडं कुणीही काम घेऊन आलं की आधी ह्या गाड्यांभोवती एक फेरी मारतं आणि मग मला विचारतं, "आक्का, ह्यातली भारी कुठली?" पूर्वी ह्या प्रश्नावर मी चहा गार होईपर्यंत बोलायचे. आता "साखर किती?" म्हणून विषय बदलते. ह्या दोन गाड्यांची तुलना करता करता मला जे कळलं, ते कळलं नसतं तर बरं झालं असतं असं अजून वाटतं.

आधी आम्ही कोण ते सांगते. माझ्या थोरल्या भावाचं, दादाचं, क्रँकशाफ्ट ग्राइंडिंगचं वर्कशॉप आहे. त्याच्याच पुढच्या गाळ्यात माझं बेअरिंगचं दुकान. लग्न केलं नाही; त्याची कारणं सांगण्यासारखी नाहीत आणि रडण्यासारखीही नाहीत. मागं घर. खाली दादा-वहिनी, वर मी. त्यांची एकुलती एक मुलगी पुण्याला नोकरी करते. आमच्या घरात देवाच्या खालोखाल मान यंत्राला. एखादं मशीन वेगळा आवाज करायला लागलं की हातातला घास खाली ठेवायचा. बेअरिंग चांगलं की गेलेलं हे मी डोळ्यांनी बघत नाही, बोटावर फिरवून बघते. आत बारीक खरखर असली तरी बोटाला कळते. दादाचं त्याच्याही पुढं. चालत्या मशीनला नुसता तळवा लावायचा आणि कुठं ढिलं आहे ते सांगायचा. थरथर आली म्हणजे ती कुठनं तरी आली, आणि जिथनं आली तिथवर जायचं, मधे थांबायचं नाही, ही आमच्याकडची रीत.

उघडी गाडी वडलांनी एका जुन्या बंगल्याच्या गोठ्यातनं आणली. तिच्या सीटवर कोंबड्या अंडी घालत होत्या. दादानं कॉलेजला दांडी मारून मारून ती चालती केली, तेव्हा वडील म्हणाले होते, गाडी उभी राहिली पण पोरगं बसलं. सुटे भाग मिळायचा प्रश्नच नव्हता. वॉटर पंप आमच्याच लेथवर झाला, दाराला लोखंडी कपाटाचं बिजागर बसलं, मागचा दिवा स्कूटरचा. ती चालवायची म्हणजे अंगमेहनतच. काचा नाहीत, छप्पर नाही, उसाच्या ट्रॉलीमागं सापडलं की केसांत पाचट. गिअरचा दांडा धरून ठेवावा लागतो, सोडला की तिसऱ्यातनं निसटतो. आरसा इतका हलतो की मागं एक एसटी असली तर दोन दिसतात. चाळीसच्या वेगाला वाटतं आपण शंभरनं चाललोय, आणि त्या भीतीपोटीच कुणी तिला चाळीसच्या वर नेत नाही. ओरडल्याशिवाय बोलता येत नाही.

दर रविवारी दादा आणि वहिनी तिच्यातनं जोतिबाला जायचे. लग्न झाल्यापासून हा नेम. वहिनी डोक्याला रुमाल आवळून बांधायची, मांडीवर नारळ, आणि गाडी फाटकातनं बाहेर पडली की गल्लीतलं कुणीतरी ओरडायचंच, "निघालं की नवरा-नवरी!" वहिनी ह्या वयातही लाजायची. मला ते बघायला आवडायचं, आणि थोडा मत्सरही वाटायचा. सांगायला काय लाजायचं.

नवी गाडी भाचीनं आणली. म्हणाली, "बाबा, आता तरी छपराखालची गाडी चालवा. आईचे गुडघे बघा, त्या जुनीच्या खोल सीटवर बसताना कळ येते तिला." चाकाखाली लिंबू चिरडलं, जोतिबाला नेऊन बॉनेटवर गुलाल उधळला, पेढे वाटले. मीही चालवून आले. दार लावलं की बँकेच्या लॉकरचं लावल्यासारखा आवाज येतो आणि बाहेरचं जग संपतं. गिअर ती आपले आपणच बदलते. महामार्गावर काटा बघितला तर एकशेवीस, आणि मला वाटत होतं साठ असेल. मी घाईनं वेग कमी केला. जुनी गाडी भुंकणाऱ्या कुत्र्यासारखी, जवळ गेलं की सांगते. ही सांगत नाही. सिग्नलला थांबलं की इंजिनही आपोआप बंद पडतं. माणसाला काही करायलाच ठेवत नाही.

दादा ती चार-आठ दिवस मुकाट्यानं चालवत होता. मग एके दिवशी दुकानात येऊन म्हणाला, "हिचं स्टेअरिंग थरथरतंय गं."

झालं. अख्खं उद्यमनगर कामाला लागलं. चाकांचं बॅलन्सिंग झालं, अलाइनमेंट झालं, पुढची चाकं मागं आणि मागची पुढं झाली. एकानं रिमला बाक असेल म्हणून डायल लावून बघितलं, काटा जागचा हलला नाही. एक म्हणाला टायरात पाणी शिरलंय. दुसरा म्हणाला, "नवी गाडी हाय, आजून बसली न्हाय, चालवा की जरा." शोरूममधली पोरं लॅपटॉप जोडून बघून गेली. वर्कशॉपमधली कामं तशीच पडून, आणि सगळे गाडीखाली. थरथर काही सापडेना. मी चालवली तर नाही, फोरमननं चालवली तर नाही, दादा बसला की आहे. आम्हाला ह्याचा अर्थ लागायला पाहिजे होता. पण आम्ही यंत्राची माणसं. उलगडत गेलो, बसवत गेलो.

बॅलन्सिंगवाला तेवढा दादाच्या शेजारी बसून एक फेरी मारून आला. उतरला तेव्हा हात पुसत उगाच उभा राहिला. "काय झालं?" मी विचारलं.

"गाडीत काय न्हाय, आक्का."

"मग कशात हाय?"

तो माझ्याकडं न बघता म्हणाला, "गाडीत न्हाय एवढं सांगतो," आणि चहा न घेताच गेला. आमच्या दुकानातनं चहा न घेता जाणारा माणूस मी तोवर बघितला नव्हता. त्या रात्री मला नीट झोप लागली नाही, पण का, ते मी स्वतःलाही सांगितलं नाही.

दोन दिवसांनी मला स्टँडावर पार्सल सोडवायला जायचं होतं. दादा म्हणाला चल सोडतो. कूपेतनं निघालो. भर दुपार. स्टँडाजवळच्या सिग्नलला थांबलो आणि इंजिन आपोआप बंद पडलं. काचा वर, एसीची झुळूक, आवाज कसलाच नाही. मी सहज स्टेअरिंगकडं बघितलं. ते थरथरत होतं.

इंजिन बंद, चाकं थांबलेली, आणि स्टेअरिंग बारीक बारीक हलतंय. थरथर कुठनं येते हे शोधत मी नजर वर नेली. दादाचा उजवा हात स्टेअरिंगवर सैल पडला होता. अंगठा आणि पहिलं बोट एकमेकांवर घासत होतं, तंबाखू मळावी तसं, एका लयीत. दादानं जन्मात तंबाखू खाल्लेली नाही. सिग्नल सुटला, त्यानं स्टेअरिंग घट्ट धरलं आणि हात थांबला. पार्सल घेताना सही कुठं केली हेही मला आठवत नाही.

एकदा दिसलं की मग सगळंच दिसायला लागतं. मायक्रोमीटर तो हल्ली स्वतः धरत नव्हता, फोरमनला म्हणायचा, "तू बघ, माझा चष्मा न्हाय." चष्मा डोक्यावर असायचा. बटणांचे शर्ट जाऊन गळ्यातनं घालायचे टी-शर्ट आले होते, आणि आम्ही त्याला म्हातारपणी फॅशन सुचली म्हणून चिडवत होतो. चहा अर्धाच कप. चालताना उजवा हात हलायचा नाही, पायही जरा ओढल्यासारखा. मी दिवसाकाठी पन्नास बेअरिंगं बोटावर फिरवते, आणि माझ्या सख्ख्या भावाचा हात वर्षानुवर्षं समोर हलतोय हे मला दिसलं नव्हतं. जुन्या गाडीत दिसणारही नव्हतं. तिच्यात आरसा हलतो, दार हलतं, दांडा हलतो, बसलेल्याचे दात हलतात. त्यात एक हात हलला तर कोण बघतंय?

मी बोलायचं ठरवत होते, तेवढ्यात त्यानंच निकाल लावला. जेवताना म्हणाला, "पोरीला सांग, गाडी घिऊन जा म्हणावं. फाल्टी पीस हाय. आपली जुनीच बरी." सगळ्यांना बरं वाटलं. वर्कशॉपमध्ये तर गडी खूश, जुनं ते सोनं म्हणून आठवडाभर तेच. वहिनी वाटीत आमटी वाढत होती, तिनं मान वर केली नाही. माझं मात्र लक्ष कॅलेंडरकडं गेलं. माघ लागला होता. माघातल्या रविवारी जोतिबाचे खेटे असतात. कोल्हापुरातनं आणि आजूबाजूच्या गावांतनं हजारो माणसं अनवाणी चालत डोंगर चढतात. म्हातारी माणसं, कडेवर लेकरं घेतलेल्या बाया. घाटाचा रस्ता माणसांनी भरलेला असतो, आणि त्या रस्त्यावरनं माझा भाऊ, तो हात आणि तो पाय घेऊन, आपल्या बायकोला शेजारी बसवून ती गाडी उतरवणार होता.

रविवारी सकाळी मी तयार होऊन खाली आले. गाडीत जागा दोनच. वहिनीला म्हणाले, "वैनी, आज मला जाऊ दे. नवस हाय माझा."

"कसला नवस?"

"नवस सांगत्यात व्हय?"

वहिनी माझ्या तोंडाला तोंड देणारी बाई नव्हे. पण त्या दिवशी तिनं गाडीचं दार धरून ठेवलं. "नको वन्सं. ती जागा माझी हाय." तिचा आवाज चढला होता. मी हट्टानं तिला बाजूला सारून बसले. मला वाटलं, हिला देवाला जायचंय म्हणून चिडली. दादानं गाडी काढली.

चढताना काही झालं नाही. पंचगंगेच्या पुलावर ट्रॅक्टरची रांग, केर्ली गावानंतर माणसांची. दादा सफाईनं चालवत होता. मी त्याच्याकडं बघत होते आणि मनात म्हणत होते, अगं, तुझंच काहीतरी चुकतंय, बघ की कसा चालवतोय. दर्शन झालं. नारळ फोडताना त्याच्या हातातनं दोनदा निसटला, तो हसला, मीही हसले.

उतरताना एका वळणापुढं बायांचा घोळका रस्त्याच्या मधे आला. पुढं एक म्हातारी, कपाळभर गुलाल, पायांत काही नाही. अंतर होतं. ब्रेक लावायला भरपूर जागा होती. गाडीचा वेग कमी होईना. मी ओरडले, "दादा!" त्यानं खाली बघितलं. मीही बघितलं. त्याचा उजवा पाय अॅक्सिलरेटरवर होता आणि उठत नव्हता. खिळा ठोकल्यासारखा. मांडीचे स्नायू ताणलेले दिसत होते, तो उचलायला बघत होता, आणि पाय ऐकत नव्हता. दोन सीटांच्या मधे हँडब्रेकचा दांडा आहे. तो मी दोन्ही हातांनी ओढला. गाडीचं ढुंगण फिरलं, खडी उडाली, इंजिन गचका खाऊन बंद पडलं. म्हातारीनं बॉनेटवर हात टेकला होता. आमची गाडी आणि तिचं पोट ह्यांच्यात तिच्या हाताइतकीच जागा.

बाया शिव्या द्यायला लागल्या, आणि त्यांचं चुकलं नाही. म्हातारी मात्र दादाकडं बघत शांतपणानं म्हणाली, "बाबा, आमी देवाच्या पायाला निघालोय, देवाघरी न्हवं." आणि पुढं चालायला लागली. तिच्या तळव्याचा गुलाल बॉनेटवर उमटला होता.

गाडी कडेला घेतली. खालनं माणसं येत होती, चांगभलं म्हणत जात होती.

"दादा, मिरजंला जाऊ. चांगल्या डॉक्टरला दाखवू," मी म्हणाले.

"दाखवलंय. कंपवात हाय म्हणाला. दोन वर्सं झाली. गोळ्या चालू हायत."

मला आधी रागच आला. "आन् स्टेअरिंग थरथरतंय म्हणून सगळ्यास्नी गाडीखाली झोपवलंस ते?"

"झोपवलं. त्या गाडीत काय म्हंजे कायबी हालत न्हाय गं. माझा हात तेवढा हालायचा. कुणीतरी बघणारच हुतं. मग आधी मीच बोंब मारली. मला म्हाईत हुतं, तुमी गाडीच उलगडत बसणार. माणसाकडं कोण बघतंय आपल्यात?"

खरंच होतं. आमची रीत त्याला आमच्यापेक्षा जास्त माहीत होती. त्यानं स्वतःला त्या रीतीच्या मागं लपवलं होतं आणि आम्ही इमानानं नटबोल्ट मोजत होतो. मला रडू आलं. मी म्हणाले, "वैनीला आजच सांगायचं. तू न्हाय सांगितलंस तर मी सांगणार."

"तिला म्हाईत हाय."

"कधीपास्नं?"

"पयल्या दिवसापास्नं. मिरजंला तीच आलती संगट." त्यानं उजवा हात डाव्या हातानं मांडीवर दाबून धरला. "मी म्हटलं हुतं, गाडी बंद करतो. ती म्हणाली, का? मी बसते की शेजारी. जायचं झालं तर दोघंबी संगटच जाऊ. मागं ऱ्हाऊन कुणी कुणाचं करत बसायला नको."

मी त्या दोघांना लग्नाच्या दिवसापासून बघत आले आहे. गल्ली त्यांना नवरा-नवरी म्हणून चिडवत होती, मी गॅलरीतनं बघून सुखावत होते, आणि ती दोघं दर रविवारी हे ठरवून त्या गाडीत बसत होती. पाठीवर पाल पडावी तसं झालं. मग तिथंच, घाटात, मी त्याच्यावर आयुष्यात ओरडले नव्हते तेवढी ओरडले. "तुमी दोघांनी ठरवलं. आन् ती म्हातारी? तिला इचारलं हुतं काय तुमी?"

तो म्हणाला, "तू चालीव," आणि खाली उतरला.

वहिनी फाटकातच उभी होती. मला स्टेअरिंगवर बघून तिला सगळं कळलं. तिनं दादाला हात देऊन उतरवलं, आत नेऊन बसवलं, मग परत माझ्याकडं आली. "वन्सं, तुमाला कुणी सांगितलं हुतं मधी पडायला?" एवढंच म्हणाली. तेव्हापासून तिचं आणि माझं बोलणं नाही.

भाची आली, रडली, भांडली. वहिनी तिला म्हणाली, "तुझा बा म्हंजे मशीन न्हाय, बटण दाबून बंद करायला." भाची चार दिवस राहून पुण्याला गेली. कूपेची किल्ली माझ्याकडं दिली. ती किल्ली जवळ असल्याशिवाय ती गाडी दिवासुद्धा लावत नाही, त्यामुळं तिची मला काळजी नाही. उघड्या गाडीचीही किल्ली मी काढून घेतली, पण ती नावाचीच. दोन वायरी एकमेकींना लावल्या की ती सुरू होते, आणि त्या वायरी दादानंच टाकलेल्या. म्हणून मी तिची बॅटरी काढून दुकानात आणून ठेवली. दुसऱ्या दिवशी बघते तर गाडीत दुसरी बॅटरी. बॅटरीवाल्याला जाऊन विचारलं, तर म्हणाला, "वैनीसाबांनी मागवली की. तुमाला म्हाईत न्हाय?"

त्यानंतर दर रविवारी सकाळी मी फाटकाच्या मधोमध खुर्ची टाकून बसते. येणारे-जाणारे विचारतात, मी ऊन खाते म्हणून सांगते. पहिले दोन रविवार कुणी बाहेर आलं नाही. परवाच्या रविवारी दोघं बाहेर आली. गाडीत बसली. वहिनीच्या मांडीवर नारळ होता. दादा वाकला, वायरी जुळवल्या, इंजिन लागलं. गाडी हळूहळू पुढं आली आणि माझ्या गुडघ्यांपासून वीतभर अंतरावर थांबली. बॉनेट थडथडत होतं, दारं हलत होती, सगळी गाडी हलत होती.

"ऊठ गं," दादा म्हणाला.

मी म्हणाले, "जायचं तर माझ्यावरनं जा."

वहिनी माझ्यावरनं नजर काढून पलीकडं रस्त्याकडं बघत होती. दादानं इंजिन बंद केलं नाही. मी खुर्चीच्या दांड्या घट्ट धरून बसून राहिले. बॉनेटच्या आड त्याचा पाय कुठल्या पेडलवर आहे, ते मला दिसत नव्हतं.